रुवीतले साडेआठ

तिकडे दहा वाजतात तेव्हा मस्कतला साडेआठ.
इशाची नमाज सुटून गल्लीत चपलांचा आवाज,
आणि हे सोफ्याच्या कडेला, पाठ ताठ,
चर्चेला जणू ह्यांनाच बोलावलंय.

"शाब्बास! अगदी बरोबर,"
आपल्या बाजूच्या माणसाला सांगतात.
त्या लोहोकरेबाई बोलू लागल्या
की आवाज कमी करतात. बंद नाही, कमी.
"घरदार, देवधर्म, सगळं मोडीत काढायला निघालेत,"
हे चहाच्या कपाला.

सव्वीस वर्षं इथे.
मतदान एकदाच केलं,
तेही सुट्टी जुळली म्हणून.

काल मात्र आपलाच माणूस
बाईंना म्हणाला, "ए आजी, गप्प बस."
पंचाहत्तरीच्या असतील.
पदराने चष्मा पुसत राहिल्या.
ह्यांनी कप खाली ठेवला.
रिमोट हातात,
पण बोट कुठलंच बटण दाबेना.
एसी तेवढा घरघरत होता.

जेवताना विचारलं, "मग, कुणाचं पटलं?"
"त्याचंच," म्हणाले आमटी ओरपत.
"पण आपल्या घरी आला
तर पाटावर बसवणार नाही मी त्याला."

मग मीठ मागितलं.
आमटीत मीठ बरोबर होतं.