कमी दाबाने

वागळे इस्टेटच्या पाणी खात्यात एकोणीस वर्षं
मी जाहीर सूचना लिहिते.
बुधवारी सकाळी नऊपासून चोवीस तास
किसननगर, श्रीनगर, रूपादेवी पाडा:
पाणी येणार नाही.
पुढचे दोन दिवस कमी दाबाने येईल.
नागरिकांनी साठा करून ठेवावा.

लोक ठेवतात. पिंप, कळशी, कुकरसुद्धा भरून.
माझ्या शब्दावर.

मला मात्र कुणी कळवत नाही.

मार्चअखेरीला एकवीस दिवसांनीच आली.
मग बासष्ट दिवस काही नाही,
इतकं काही नाही की
सत्तेचाळिसाव्या वर्षी मेडिकलमधून ती पट्टी आणली,
दुकानदाराकडे न बघता.
एकच रेघ.
मोरीत एकटीच हसले, मग थोडं रडले.
कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.

आणि जूनच्या आढावा बैठकीत,
उपअभियंता बोरवणकर गळतीची टक्केवारी वाचत असताना,
माझी मुख्य वाहिनी फुटली.
नशीब, खुर्ची रेक्झिनची होती.
सगळे चहाला गेले तरी मी फाइल चाळत बसले,
एकच पान, पुन्हा पुन्हा.
शिपाई तुळसाबाई आली. काही विचारलं नाही.
ओला फडका टेबलावर ठेवला,
स्वतःची ओढणी ठेवली,
जाताना दार लोटून घेतलं.

दुखणं पूर्वी ओळखीचं होतं.
पहिल्या दिवशी चारच्या सुमाराला यायचं,
ओटीपोटात ठाण मांडायचं.
एक गोळी, गरम पाण्याची पिशवी,
दुसऱ्या दुपारी चपला घालून निघायचं.
तीस वर्षांचं येणं-जाणं,
शिव्या दिल्या तरी चेहरा माहीत होता.
आता हे कोण येतं?
रक्त नसतानाही येतं,
कमरेतून उजव्या मांडीत उतरतं,
पहाटे तीनला, पंखा पाचवर असताना
मानेखालची उशी भिजवून.
शेजारी नवरा घोरत असतो
चांगल्या माणसासारखा.

नौपाड्यात डॉक्टर मणेरीकरांकडे
पाच ग्लास पाणी पिऊन सोनोग्राफीला बसले.
अस्तर जरा जाड आहे, म्हणाल्या, लक्ष ठेवू.
हिमोग्लोबिन साडेआठ, तिकडे बघा आधी.
किती दिवस चालणार हे?
दोन वर्षं. चार. कुणाला सातही. सांगता येत नाही.
मी अशी सूचना काढली असती
तर ऑफिसवर हंडा मोर्चा आला असता.

आईला फोन केला. तुझं कसं झालं गं?
बराच वेळ नुसता तिच्याकडचा टीव्ही ऐकू आला.
मग म्हणाली, लक्षच नाही राहिलं,
त्या वर्षी विन्याची दहावी होती.

आमच्याकडे बाळाराम भोईर नावाचा व्हॉल्व्हमन होता.
नकाशा कधी उघडायचा नाही.
लांब लोखंडी चावी रस्त्यात उभी टेकवायचा
आणि वरच्या टोकाला कान लावायचा,
गाड्या हॉर्न मारत बाजूने जायच्या.
म्हणायचा, मॅडम, लाइन रिकामी व्हायला लागली
की जास्त आवाज करते.
भरलेली गप असते.
मी टाइप करता करता मान हलवली होती.
रिटायर होऊन तो कोलशेतला गेला, मग कळलं वारला.
आता विचारायचं होतं
की आवाज थांबल्यावर चावीला काय ऐकू येतं.

आज घरी येताना दुकानात उभी राहिले.
एका हातात आठचं पाकीट, एका हातात तीसचं.
तीसचं स्वस्त पडतं.
पण संपतील का?
आणि उरले तर ते कुणाला द्यायचे,
मुलगी तर तो कप वापरते, मला शिकवायला निघाली होती.
आठचं ठेवलं. उचललं. तीसचं ठेवलं.
पोटात तेवढ्यात बारीक एक कळ,
असल्यासारखी, नसल्यासारखी.

मागे दुधाच्या पिशव्या घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला,
मॅडम, झालं का तुमचं?

नाही अजून, म्हटलं.