लाईन गेली की

दौलत टेकामच्या तुरीत आम्ही दोन बांबू रोवले,
मध्ये तांब्याची तार, इकडे साडेतीन मीटर, तिकडे साडेतीन,
जोडावर दव पडू नये म्हणून
सलाईनची बाटली अर्धी कापून टोपीसारखी बसवली.
एवढीच वेधशाळा.

"कपडे वाळवाले लय उंच होते थे," दौलत म्हणाला.

पहिल्या रात्री हेडफोनमध्ये
टक्. टक्. टक्.
इतकं नेमाचं, की मी वहीत वेळ लिहिली
आणि अक्षर थरथरलं.
सकाळी कळलं, झटका मशीन.
रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला ठोका.

तेव्हापासून मी लाईन जायची वाट पाहते.
गाव शिव्या देतं त्या वेळेला
मोटारी थांबतात, घराघरांतली चार्जरं गप्प होतात,
दौलत माझ्यासाठी मशीनच्या बॅटरीची वायर काढतो
आणि काठी घेऊन स्वतः धुऱ्यावर बसतो
अर्धा तास कुंपण होऊन.

वीस मेगाहर्ट्झवर मग गुरू येतो,
खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा.

मला त्याच्याही खाली जायचं होतं.
पंधरा. बारा. दहा.
खाली जावं तसं आभाळ जाड होत जातं.
दिवसभर सूर्य वरच्या विरळ हवेतल्या अणूंची सालं काढत बसतो,
आणि आपल्याकडे तो थर
दिवस मावळल्यावरही खदखदत राहतो,
चुलीवरून उतरवलेल्या वरणासारखा.
पहाटे तीन ते चार सगळ्यात पातळ.
तेवढीच फट.

काल त्या फटीत, पाचवर,
एक बाई बोलत होती.
कुठली भाषा, कळलं नाही. सावकाश, आकडे असावेत,
कुठल्या तरी समुद्रावरच्या वाऱ्याचे.
जो थर आकाशगंगेला वरच्या वर परतवतो
त्याच्याच पोटाला आपटून ती खाली उतरली होती
पांढरकवड्याच्या अलीकडे, तुरीच्या शेंगांत.

एक कान मी दौलतला दिला.
बराच वेळ ऐकलं त्यानं.
"खोकलली थे," म्हणाला.

मी सांगितलं, तारे पेटायच्या आधीची एक लाट आहे,
ताणून ताणून लांब झालेली,
तिच्यासाठी चंद्राच्या पाठीमागं जावं लागेल.
"तिथं डुकरं?"
नाहीत.
"मंग झटका कायले लागते तिथं."
आणि उठला, कारण तुरीत काहीतरी खसपसलं होतं.

लाईन आली.
वहीत एवढंच आहे:
३.४२, पाच मेगाहर्ट्झ, बाईचा आवाज,
आणि खाली, दुसऱ्या शाईत,
खोकला.