पुलापल्याडचे पाहुणे

पोर्तोच्या त्या जुन्या हॉटेलात आम्ही दोन रात्री राहिलो.
औषधांच्या दुकानातल्या नाताळच्या सोडतीत लागलं होतं,
नाहीतर आम्ही कुठले!
सामान फार नव्हतं. एक बॅग, तेल्मोचे हेडफोन,
आणि सासूबाईंनी खास स्टेशनवर येऊन
रुमालात बांधून दिलेली सहा उकडलेली अंडी.
"तिथं सकाळी काय देतील, कोण जाणे."

प्रवास मेट्रोची तीन स्टेशनं.
बेनेदिता खिडकीला नाक लावून विचारत होती,
"आलं का परगाव?"

काउंटरवरच्या पोराने विचारलं, कुठून आलात.
अँसेल्मोने घसा खाकरला.
मला वाटलं, आता हा लिस्बन म्हणणार.
पण त्याचं बोट खिडकीकडे वळलं:
"त्या तिथून. नदीपलीकडून. पिवळ्या इमारतीच्या मागून."
पोरगा हसला नाही.
त्याने आम्हाला शहराचा नकाशा दिला,
पुलावर निळ्या पेनाने फुली मारून:
"सूर्यास्त इथून बघा."
याच पुलावरून बावीस वर्षं मी कामाला जाते,
मोबाइलमध्ये डोकं घालून.

लिफ्टला लोखंडी जाळी, आत लाल मखमलीचं बाकडं.
खोलीत सिंहाच्या पंजांवर उभा टब.
टॉवेल इतका जाड
की अंग पुसावं की पांघरून झोपावं?
तेल्मो म्हणाला, "ठीक आहे,"
म्हणजे पंधराव्या वर्षाच्या भाषेत, अप्रतिम.
सकाळी मी सवयीने चादरी ताणल्या, उशा थोपटल्या,
मग ओशाळून
सगळं पुन्हा विस्कटून ठेवलं.

बेनेदितालाच ते आधी दिसलं.
हॉटेलची दुर्बीण तिने डोळ्यावरून काढलीच नव्हती.
"आई, त्या समोरच्या लोकांचे कपडे बाहेरच राहिलेत."
कोणते लोक?
"तिसऱ्या मजल्यावरचे. निळा टॉवेल. एक मोजा."
मी दुर्बीण घेतली.
माझ्याच गॅलरीत, माझ्याच दोरीवर
माझा गाऊन हात पसरून उभा होता,
मला ओळख न देता.

दिवसभर मी तिकडे बघायचं टाळलं.
संध्याकाळी नदीवरून धुकं चढू लागलं
तसा अँसेल्मो उठला.
"सिगारेट," म्हणाला. सिगारेट सोडून त्याला नऊ वर्षं झालीत.

मी दिवा न लावता खिडकीत बसले.
पुलावर एक ठिपका चालत होता,
बहुतेक तोच. पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता.
मग आमच्या स्वयंपाकघरात उजेड पडला
आणि क्षणभर वाटलं,
कोण राहतं तिथं?
किती लहान घर, आणि किती पिवळं, ऊबदार.
दारावरून जाताना वाटतं ना, आत कुणीतरी सुखात असेल,
तसलं.
एक माणूस गॅलरीत आला.
एकेक कपडा काढून खांद्यावर टाकू लागला.
मोज्यापाशी थांबला, दुसरा शोधला, सापडला नाही.
मग अंधारात, मी दिसत नसताना,
त्याने निळा टॉवेल माझ्या दिशेने हलवला.
बोट बंदरातून सुटताना हलवतात तसा.
मी पडदा हलवला. त्याला कळलं असेल का,
मी कधी विचारलं नाही.

दिवा गेला. अर्ध्या तासाने तो परतला,
केसांत धुकं, सपाता काळ्या.
दार उघडून धरणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाने म्हणे विचारलं होतं,
"काही विसरला होतात, साहेब?"
खिशातून त्याने चिमटे काढून
संगमरवरी बेसिनवर मांडले,
लाकडी, नऊ. एकाची स्प्रिंग तुटलेली.

निघताना बेनेदिताने त्यातला एक
पडद्याच्या कोपऱ्याला लावून ठेवला.
मी पाहिलं, आणि काढला नाही.

जाताना मेट्रो घेतली नाही.
अंडी आम्ही पुलावर मध्यभागी उभं राहून खाल्ली,
निळ्या फुलीच्या जागी.
मिठाची पुडी सासूबाईंनी वेगळी बांधली होती.