उद्या हाय न्हवं?

इसाराचे एकवीस हजार
पिठाच्या डब्याखाली पाच दिवस पडून.
बिल्डरचा माणूस म्हणाला, घाई न्हाई वहिनी,
पाडव्यापतोर सांगा.
सांगायचं कुणी, हे ठरेना म्हणून डब्याखाली.

रविवारी पाचगावला फ्लॅट बघून आलो.
तिसरा मजला. दोन खोल्या निजायच्या, एक नुसतीच बसायची.
विश्वजित एकेक दार उघडून दाखवत होता
फौंड्रीची रजा टाकून, स्वतःच बांधल्यासारखा.
सुनेनं ओट्यावर तळवा ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि बराच वेळ उचलला नाही.

नात भिंतीला पाठ लावून उभी,
डोक्यावर हात सपाट धरून.
"आज्जे, हितं रेघ कुठाय?"
आमच्या घरात तीन रेघा आहेत, पुराच्या.
पाच सालची ती दिवाळीत ओलांडून गेली.
एकवीसची अजून वीतभर लांब.
एकोणीसची माझ्याही डोक्यावरून जाते.

तिसऱ्या मजल्यावर पंचगंगा येणार नाही
एवढं कळतं मला.
एकोणीसला सून सात महिन्यांची होती,
खिडकीचे गज कापून तिला होडीत उतरवली.
पोटावर दोन्ही हात. चप्पल एकच.
आणि आमच्या म्हशी वर पेठेत
एका मंगल कार्यालयात, बोहल्याला बांधलेल्या.
हे आधी म्हशींना घेऊन गेले होते.
मग परत आले.
आधी म्हशींना.
तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही,
रोज दोन बादल्या अंगावर ओतून कामाला जाते,
चपला हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत.

लिफ्टमध्ये हे पाटी वाचत राहिले.
सहा माणसं, चारशे आठ किलो.
खाली आल्यावर म्हणाले,
"चंद्री एकटीबी बसायची न्हाई गं ह्यात."
सगळे हसलो. रंकाळ्यापर्यंत हसत होतो.
पुढं रिक्षात कुणी काही बोललं नाही.

गल्लीत आठ गोठे होते, मी नांदायला आले तेव्हा.
आता आमचा आणि सणगरांचा.
सणगरांचाही पोरगा परवा
टेप घेऊन अंगण मोजत होता,
मला बघून म्हणाला, उगंच.

काल रात्री गंगावेशीत, कट्ट्यावर,
शिकलगार चाचा आले. नऊ वाजले म्हणजे येतात.
घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळे गेले,
वेळ गेली नाही.
धार ग्लासात पडते तिचा आवाज ऐकतात,
आवाज जाड झाला की हात पुढं करतात.
मिशीचा फेस रुमालानं टिपून
रोजचंच विचारलं,
"उद्या हाय न्हवं?"

तीस वर्षं ह्याला उत्तर देत नाही कुणी.
राम राम म्हटल्यासारखं ते.
काल ह्यांचा हात थांबला.
चंद्रीनं मान वळवून बघितलं आणि पान्हा चोरला.
पुढचं गिऱ्हाईक ग्लास धरून तसंच उभं.
मी कासेला पाणी मारलं, थोपटलं,
ये बाई, ये, म्हणत राहिले,
सगळ्यांसमोर.

"हाय की चाचा," मी म्हणाले.
उद्याचं विचारलं होतं,
उद्याचंच सांगितलं.

घरी आलो तर सून जागी.
गोठ्यातला दिवा लावून ठेवलेला,
चंद्रीच्या घमेल्यात पाणी भरलेलं, काठोकाठ.
ती काही बोलली नाही. मी पण नाही.
भाकरीचं पीठ काढायला डबा सरकवला,
नोटांवर पिठाची बोटं उमटली.
फडक्यानं पुसल्या, सरळ केल्या,
आणि कुठं ठेवाव्यात ते न कळून
थोडा वेळ ओच्यातच धरून बसले.