बॉनेट उघडं

एउसेबिओ रोज तिन्हीसांजेला
पिकअपचं बॉनेट उघडून ठेवतो.
आत नाताळातली दिव्यांची माळ, लाल-हिरवी.
उजेडात उंदीर घर करत नाहीत म्हणे.

टूसॉनच्या वाळवंटातले हे उंदीर
फुकट काही नेत नाहीत.
वायरीचा तुकडा नेला
तर निवडुंगाचं काटेरी बोंड ठेवून जातात.
चोख व्यवहार.

पुदिन्याचं तेल झालं, डांबरगोळ्या झाल्या.
मेकॅनिकनं सहाशे डॉलर नेले,
मागे काहीच ठेवलं नाही.

आज बॅटरीमागे, काट्याकुट्यांत,
मार्चपासून हरवलेलं कानाचं यंत्र!
मेहुणीवर उगाच आळ घेतला होता.

पुसलं. नवा सेल घालून कानात बसवलं.
आधी नुसता वारा.
मग मडगार्डच्या आत कुठेतरी
कुरकुर, कुरकुर.