कवेलूवरून ऐकलेला टोपलू

खरं सांगतो बाप्पा,
टोपलू मी पाहिलाच नाही.
सारं पिंपळखुटा त्याला पाहायचं
मंगळवारी रात्री साडेआठला
उरकुड्यांच्या ओसरीत,
सरकीच्या पोत्यांवर, जात्यावर, एकमेकांच्या मांड्यांवर बसून,
आणि मी वर. कवेलूवर.
अँटेनाचा बांबू धरून.

"आलं का?"
"नाही बे! नागपूरकडे कर थोडा!"
"आता?"
"मुंग्याच मुंग्या!"
"आता?"
"हां! राय तसाच! हालू नको!"
मी राहायचो तसाच,
अर्धा तास, डावा हात वर.
वजन बारा वर्षांचं, म्हणून माझी निवड.
मोठ्या पोट्ट्यांनी कवेलू फुटतात.

म्हणून माझा टोपलू खालून वर आलेला:
फटीतून आधी विडीचा धूर,
मग निळ्या उजेडाची एक पट्टी,
मग तो आवाज,
पंचेचाळिशीतल्या बाप्याचा
आणि दात पडलेल्या पोराचा, एकाच गळ्यात.
स्वतःच्याच घराचं दार वाजवून विचारायचा,
"मी आहो का घरी?"
मग थांबायचा.
किती थांबायचा!
एक डास माझ्या मानेवर बसून, जेवून, उठून जायचा.
मग हिरमुसून,
"नाही वाटते. उद्या येतो."
आणि खाली ओसरी फुटायची.

हसण्यावरून माणसं ओळखायचो मी.
उरकुडे पाटलाचं, ढेकर दिल्यासारखं.
शेवंता कोहळेचं पदरात दाबलेलं.
नथ्थू मडावी सगळे थांबल्यावर हसायचा, एकटाच,
की त्याला सगळे पुन्हा हसायचे.
आणि माझी माय.
तिचं हसणं मी त्या फटीतूनच ऐकलं.
आमच्या घरी ते कधी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर
पोट्टे मला टोपलू सांगायचे.
सायकलीला थंडी वाजते म्हणून दुपट्यात गुंडाळतो.
आरशातल्या पोराला अर्धा पेरू देतो,
तो घेत नाही म्हणून रुसतो.
कोणी म्हणे टोपी लाल, कोणी म्हणे हिरवी.
टीव्ही काळापांढरा होता, भांडण मात्र रंगीत.

मग मालिका बंद झाली. टोपलू नाही झाला.
नथ्थू रात्री झोकांड्या खात यायचा, दार वाजवून विचारायचा,
"मी आहो का घरी?"
बायको आतूनच, "नाही! उद्या या!"
पण कडी काढायची, हसत हसत शिव्या देत.
सहारे गुरुजी हजेरीत गैरहजर पोराच्या नावापुढे म्हणायचे,
"उद्या येतो."
शेवंताची सासू म्हातारपणी सारं विसरली.
नाव विसरली, पोरं विसरली,
एका दुपारी उंबऱ्यात उभी राहून खरंच विचारू लागली,
"मी आहो का वं घरी?"
त्या दिवशी कोणी हसलं नाही.
शेवंता म्हणाली, "हाये ना आत्याबाई. या आत."

परवा लेकीने मोबाइलवर बातमी दाखवली.
हरिहर पोफळे गेले. वय अठ्ठ्याऐंशी.
खाली जुना एक भाग होता.
दुकानात सोल्डरिंगचा धूर होता, कोणाचा तरी डिश-बॉक्स उघडा पडलेला,
आणि मी पन्नाशीत पहिल्यांदा टोपलू पाहिला.

बारीक होता हो. फार बारीक.
केस रंगवलेले, हाफपँटीतून गुडघे म्हाताऱ्या माणसाचे,
एकावर जुना व्रण.
दार वाजवलं. विचारलं.
आणि थांबला तेव्हा
दाराकडे पाहतच नव्हता तो.
वर पाहत होता.
तोंड उघडं, मान मागे टाकून,
वर कोणीतरी आहे असं.

असेल, दिवा असेल तिथे.
जाळं असेल, पाल असेल.

लेकीने विचारलं,
"बाबा, हात काहून वर केला?"
म्हटलं, हालू नको बे.
मुंग्या येतील.