कडू हात

केइस्कामा नदीच्या आमच्या उतारावर
कोरफड कुणी पेरत नाही.
ती असते. जसे दगड असतात, बोकड असतात,
तशी पुरुषभर उंचीची, काटेरी,
वाळल्या पानांचा घागरा नेसून उभी.

म्हणून मी मार्जरिनच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडत होते
तेव्हा नोमाखाया कुंपणावरून हसली :
“थोझामा, उद्या गोटेसुद्धा पेरशील.”

ताता चीक काढायचे.
पहाटे कोयता, दुपारी चूल.
पानांची कापलेली तोंडं आत करून
खड्ड्याभोवती गोल रचायची, विहिरीच्या कठड्यासारखी.
खड्ड्यात बकरीचं कातडं, आणि त्यात
थेंब थेंब उतरणारा
आधी पिवळा, मग तपकिरी,
मग कुणाचंच न ऐकणारा कडूपणा.
पिंपात आटला की काळ्या काचेसारखा थिजायचा,
किलोने जायचा.
कुठे? “कुठल्यातरी शहराच्या बद्धकोष्ठाला,”
ताता म्हणायचे, आणि आपणच हसायचे.

त्यांनी भरवलेला घास कडू लागायचा.
साबण, राख, रॉकेल, कशाने काही गेलं नाही.
धाकट्याचं अंगावरचं दूध तोडायचं होतं
तेव्हा आईला चीक शोधावा लागला नाही.
तातांचा हात होता.

खालची दहा पानं. वरच्यांना शिवायचं नाही.
एवढा एकच कायदा त्यांनी आम्हाला सांगितला,
आणि ते गेल्यावर बाहेरून टेम्पो आले
ज्यांना तो कुणी सांगितला नव्हता.
शेंड्यापर्यंत सोललेली झाडं
पहिल्या हिमकडाक्यात उभ्याउभ्या मऊ पडली.

बोंडं ऑक्टोबरात तडकतात.
बी माशाच्या खवल्याहून हलकं, त्याला पंख;
फुंकर पुरे, की गेलं शेजारच्या जिल्ह्यात.
मी दांड्याला पोराचा शाळेचा मोजा बांधला.
नदीची वाळू दोन वाटे, गोठ्याचं चाळलेलं खत एक,
वरून चिमूटभर वाळू, पाणी खालून.

तिसऱ्या आठवड्यात कापलेल्या नखाएवढं हिरवं.
मग माझी त्यांच्यावर माया जडली,
आणि अर्धी रोपं त्या मायेनेच कुजली.
रोज पाणी, रोज पाणी.
उरलेल्यांकडे मी पाठ फिरवली.
पाठ फिरवली तशी ती जगली.

दोन शेळीने खाल्ली, थुंकलीही नाही, हरामखोर.
एक चोरीला गेलं, ते मला आवडलं.
एकतीस रोपं मी उतारावर लावली,
हिवाळ्यात मक्याच्या पोत्यांनी झाकली,
आणि पाचव्या जूनमध्ये एकीने
लाल दांडा काढला, आधी कुणालाही न विचारता.
त्यावर चोच खुपसून एक चिमुकला पक्षी
उलटा लोंबत होता. मी शेगडीवरचं भांडं विसरले.

परवा नोमाखायाच्या कोंबड्या पेंगायला लागल्या.
“एक पान दे, पाण्यात टाकीन.”
“खालचं,” मी म्हटलं, “आणि एकच.”
तिने गोट्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही.
कापलेल्या जागेतून पिवळं धावलं
ते माझ्या मनगटापर्यंत आलं,
आणि रात्री पोरगा पाव थुंकून म्हणाला,
आई, हे काय लावलंयस हाताला?

आता पुन्हा बोंडं धरलीत.
मोजा तोच आहे, टाचेला भोक पडलंय.
सुईदोरा हाताशी होता.
नाही शिवलं.